कुंड्यांच्या व्हॅनची वही

चौबे कॉलोनी, रायपूर
११ ऑगस्ट २०२४

श्री. नीलकंठराव यांस हरिदासचा नमस्कार.

तुम्ही आमच्या सुनेचे, अनुश्रीचे मामा. आपलं बोलणं झालं ते लग्नाच्या पंगतीत, तेवढंच. तेव्हा तुम्ही मठ्ठा दोनदा मागितला होता. मी तुमाले इन्कम टॅक्सचं काही विचारलं, तर तुम्ही म्हटलं, जेवताना नको. त्याले आता सहा वर्षं झाली. जेवण झालं असेल असं धरून लिहून राहिलो.

फोनच करणार होतो. पण अनुश्री म्हणते, मामाच्या कानातली मशीन फोन लावला की शिट्टी मारते. मलेही कागदच बरा. पस्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो, आता म्हणे त्याले ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी गार्ड म्हणूनच रिटायर झालो. गाडी कुठून सुटली, किती वाजता, किती उशिरा आणि काहून, हे सगळं लिहिल्याशिवाय मी कधी घरी आलो नाही.

आता काम सांगतो. अनुश्री दोन वर्षांपासून ऑफिसांना झाडांच्या कुंड्या भाड्यानं देते, हे तुमाले माहीतच आहे. तेलीबांध्यात आणि नवा रायपुरात मिळून तिची अकरा ऑफिसं आहेत. एसीत झाडं मलूल होतात. म्हणून दर गुरुवारी ती ताज्या कुंड्या नेऊन ठेवते आणि थकलेल्या परत आणते. थकलेल्या आमच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली आराम करतात. टेम्पोवाल्यांनी तिले फार रडवलं, म्हणून या महिन्यात तिनं सेकंडहँड व्हॅन घेतली, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कर्जानं.

आमचे चिरंजीव अभिनव सिलतऱ्याले एका कारखान्याच्या ऑफिसात आहेत. त्याले मराठी समजते, बोलतो हिंदीत. परवा जेवताना म्हणाला, "यह सब शौक है. धंधा होता तो कागज़ पर दिखता." आणि अट घातली. मार्चपर्यंत टॅक्सच्या कागदात व्हॅन धंद्याची म्हणून दिसली तर ठेवायची. नाहीतर विकायची, आणि अनुश्रीनं एका शाळेत नोकरी धरायची. अनुश्री मान हलवून हव म्हणाली आणि अर्धी पोळी ताटात टाकून उठली. आमच्या घरी आल्यापासून तिनं कधी पोळी टाकली नव्हती.

तर व्हॅन कागदावर दिसण्यासाठी काय करावं लागते ते कळवा. लिहायचं काम माझ्याकडे.

आपला,
हरिदास

•

नागपूर
२० ऑगस्ट २०२४

गार्डसाहेब, सप्रेम नमस्कार.

मठ्ठा तीनदा मागितला होता. नोंद दुरुस्त करून घ्यावी.

अनुश्रीचं रिटर्न मीच भरतो, आणि गेली दोन वर्षं तिला सांगतोय की पोरी, बिलं डब्यात टाकू नकोस. ती बिलं डब्यातच टाकते, आणि त्याच डब्यात खतही असतं. तेव्हा तुम्ही हे काम अंगावर घेतलंत याचा मला खरंच आनंद झाला.

छोट्या धंद्याला ठोक अंदाजानं नफा दाखवून मोकळं होता येतं. पण त्या वाटेनं गेलं तर गाडीचा खर्च वेगळा मागता येत नाही. जावईबापूंना गाडी कागदावर बघायची आहे ना, मग आपण लांबची वाट धरू. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, कर्जाचं व्याज, हे सगळं पावत्यांसकट दाखवायचं. शिवाय घसारा, म्हणजे गाडी जुनी होत जाते त्याची दर वर्षी मिळणारी वजावट.

याला आधार एकच, गाडीची वही. लांब, जाड पुठ्ठ्याची घ्या. तारीख, कुठून कुठे, सुरुवातीचं मीटर, शेवटचं मीटर, काय काम, आणि शेवटी एक रकाना: धंद्याची की खाजगी. रोजच्या रोज लिहायची. दर दोन महिन्यांनी पानांची झेरॉक्स मला पाठवायची.

एकच सावधगिरी. खाजगी फेरी धंद्यात घुसली की सगळी वही संशयात येते. हे नीट ध्यानात ठेवा.

विनोदिनीवहिनींना नमस्कार.

आपला,
नीलकंठ

•

चौबे कॉलोनी, रायपूर
२ ऑक्टोबर २०२४

नीलकंठराव, नमस्कार.

झेरॉक्स सोबत आहे. झेरॉक्सवाल्यानं पानं उलटी लावली होती, मी सरळ केली. अक्षर लागलं नाही तर म्हणून काही नोंदी इथं उतरवून राहिलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर. सुटण्याची वेळ ०६:००, सुटली ०६:०८. विलंब आठ मिनिटे, कारण अनुश्रीची चप्पल सापडत नव्हती. माल: पाम ९, स्नेक प्लांट १४, मनी प्लांट ६. तेलीबांधा आगमन ०६:३१. दुसऱ्या ऑफिसात पामाच्या कुंडीत कोणीतरी चहा ओतलेला आढळला. चौकशी केली, कोणी कबूल झालं नाही. पाम परत आणला. धंद्याची.

मंगळवार, १७ सप्टेंबर. घर ते डब्ल्यूआरएस कॉलोनी आणि परत, १२ किलोमीटर. चालक अनुश्री. प्रवासी: मी. माल: नाही. काम: भेट.

शनिवार, २१ सप्टेंबर. वरीलप्रमाणे.

रविवार, २२ सप्टेंबर. चालक अभिनव, एकटा. ०५:५० ला सुटली. नवा रायपूर आणि परत, ५२ किलोमीटर. काम: चालकास विचारले असता "काम है" असे उत्तर मिळाले.

बुधवार, २५ सप्टेंबर. घर ते ब्राह्मणपारा, भजनी मंडळ. प्रवासी: पत्नी. माल: मनी प्लांट १, पत्नीच्या मांडीवर. काम: जाहिरात.

या शेवटच्या नोंदीवर घरात वाद झाला. पत्नीचं म्हणणं, रोप नेलं तर फेरी धंद्याची. तिनं ते रोप मंडळात मधोमध ठेवलं, आणि दोघी जणींनी भाव विचारला, हे खरं आहे. पण नंतर रोप पुन्हा मांडीवर घेऊन आली. विकलं काहून नाही म्हटलं, तर म्हणते पुढच्या बुधवारी लागेल.

गाडी बरी चालते. दुसऱ्या गिअरले घरघर आहे. गेल्या गुरुवारी अनुश्रीले नवीन ऑफिस मिळालं. गाडी नसती तर मिळालं नसतं, कारण त्यांनी पहिल्या दिवशीच चाळीस कुंड्या मागितल्या. तिनं अभिनवले सांगितलं, तर तो म्हणाला, "मार्च में देखेंगे."

आपला,
हरिदास

•

नागपूर
१४ ऑक्टोबर २०२४

गार्डसाहेब, नमस्कार.

वही वाचली. चाळीस वर्षं लोकांचे कागद तपासतोय, पण चपलेपायी झालेला विलंब इन्कम टॅक्सच्या कामी कधी आला नव्हता. तो नाही लिहिला तरी चालेल. चहा ओतणाऱ्याची चौकशीही खातं मागत नाही.

आता कामाचं. रविवारी पहाटे बावन्न किलोमीटर जाऊन जावईबापूंनी अनुश्रीच्या धंद्याचं कोणतं काम केलं? रविवारी तिथली सगळी ऑफिसं बंद असतात. नुसतं "काम है" हे काम होत नाही. विचारून स्पष्ट लिहा.

वहिनींच्या मनी प्लांटबद्दल माझा निर्णय असा की रोप खाली ठेवलं तरी भजन ते भजनच. फेरी खाजगी. हे तुम्ही सांगा, मला त्यांच्या हातची संत्रा बर्फी अजून खायची आहे.

आणि डब्ल्यूआरएस कॉलोनीत आठवड्यातून दोनदा ही कसली भेट? तिथं अनुश्रीचं ऑफिस आहे का? मला तरी ती रेल्वे वर्कशॉपची वस्ती म्हणून माहीत आहे. गिऱ्हाईक असेल तर नाव लिहा, नसेल तर रकाना रिकामा का सोडला? तुमच्यासारख्या माणसानं रकाना रिकामा सोडलेला बघून नवल वाटलं.

आपला,
नीलकंठ

•

चौबे कॉलोनी, रायपूर
५ नोव्हेंबर २०२४

नीलकंठराव, नमस्कार.

दिवाळी झाली. चिवडा पाठवला आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. एक, अभिनव रविवारी क्रिकेट खेळायले जातो. मी समोर वही धरून विचारलं तेव्हा कबूल झाला. बॅट व्हॅनमध्ये सीटच्या मागे लपवलेली सापडली, तिच्यावर दोन स्नेक प्लांट टेकवून ठेवले होते. चाळिशीले आलेला पोट्टा बॅट लपवून राहिला. नोंद खाजगी केली.

दोन, पत्नीले तुमचा निर्णय सांगितला. बर्फी विसरा.

तीन, वर्कशॉपच्या वस्तीत माझ्या मालगाडीचे जुने इंजिन ड्रायव्हर तुळशीराम राहतात. ती फेरीही डिसेंबरपासून बंद करून राहिलो.

तुम्ही लिहिलंच होतं, खाजगी फेरी घुसली की सगळी वही संशयात. मले तर ते वेगळं सांगायची गरजच नव्हती. गाडी एकतर मालाची नाहीतर प्रवाशांची. मालगाडीत एक प्रवासी सापडला तरी गार्डाले चार्जशीट मिळते, मग तो प्रवासी सख्खा मेहुणा काहून असेना. एक डिसेंबरपासून व्हॅन फक्त कुंड्यांची. चावी माझ्या उशीखाली राहील. अभिनव मित्राच्या स्कूटरवर जाईल. पत्नी म्हणाली, "पस्तीस वर्षं मालगाडीनं नवरा नेला, आता सुनेच्या गाडीचीही मालगाडी केली." ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण मार्चपर्यंत अनुश्रीची गाडी राहिली पाहिजे, त्यापुढे मले काही दिसत नाही.

आपला,
हरिदास

•

नागपूर
८ जानेवारी २०२५

गार्डसाहेब, नमस्कार.

मालगाडीचं वाचून फार हसलो, हिलाही वाचून दाखवलं. पण डिसेंबरची वही हातात घेतली आणि हसू गेलं.

महिनाभरात एकही खाजगी फेरी नाही? चार माणसांच्या घरातली व्हॅन एकदाही देवळात गेली नाही, दवाखान्यात गेली नाही, कुणाला आणायला स्टेशनवर गेली नाही? मी अशा वह्या पाहिल्या आहेत. त्या मार्चअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनानं लिहिलेल्या असतात. तुमच्याही महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाच्या दिसतात.

अनुश्रीसाठी तुमचा जीव तुटतो हे मला कळतं. माझाही तुटतो. पण तिच्या नावाखाली मी सल्लागार म्हणून बसणार आहे, आणि खोटं मी पुढे पाठवणार नाही. खरं काय ते लिहून पाठवावं.

आपला,
नीलकंठ

•

चौबे कॉलोनी, रायपूर
१४ जानेवारी २०२५

नीलकंठराव,

सोबतचा तिळगूळ अनुश्रीनं पाठवला आहे. माझ्याकडून फक्त हे पत्र.

एकाच पेनानं लिहिलं, कारण माझ्याकडे पेन एकच आहे.

एकदा भाटापाऱ्याले माझी गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली होती, कारण मी शौचाले गेलो होतो. कारणाच्या रकान्यात मी तेच लिहिलं. साहेबानं बोलावून घेतलं, म्हणाला, हरिदास, सिग्नलचा दोष लिही, हे काय लिहिलं? मी म्हटलं, सिग्नल हिरवा होता. तो कागद वरपर्यंत गेला. तीन ऑफिसात लोक हसले. पण मी लिहिलेलं पुसलं नाही. आणि तुम्ही मले विचारून राहिले की खरं काय.

मार्चपर्यंतची वही मी लिहीन. झेरॉक्स अनुश्री पाठवेल. आपला पत्रव्यवहार इथं थांबवतो.

हरिदास

•

चौबे कॉलोनी, रायपूर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुझ्या कानामुळे तुझ्यावर फोनवर ओरडता येत नाही म्हणून लिहून राहिले. पत्र दोनदा वाच, म्हणजे दोनदा ओरडल्यासारखं होईल.

परवा रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. आमच्या गल्लीतल्या यामिनीवहिनींनी वाण हातात ठेवता ठेवता सगळ्यांसमोर विचारलं, "काय अनुश्री, व्हॅनमध्ये कुंड्यांना जागा आहे, सासऱ्यांना नाही का?" मला काही कळेना. तर त्या म्हणाल्या, आम्ही बाबांना दोन महिन्यांपासून ई-रिक्षात चढता-उतरताना बघून राहिलो. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मामा, मी आतापर्यंत जेवढी हळदीकुंकवं केली ती सगळी त्या एका वाक्यात बुडाली.

बाबा मंगळवारी आणि शनिवारी "जरा फिरून येतो" म्हणून जातात. मी गाडीनं नेणं त्यांनीच बंद केलं, तेव्हा मला वाटे बागेत जात असतील. काल मी सरळ वर्कशॉपच्या वस्तीत गेले, तुळशीरामकाकांच्या क्वार्टरवर. त्यांची सून मोनाली घरी होती. तिनं सगळं सांगितलं. बाबा दोन रिक्षा बदलून येतात, आणि शेवटचा रस्ता त्या दुखऱ्या गुडघ्यानं पायी. काकांना मागच्या वर्षी लकवा मारला, त्यांना बोलता येत नाही. बाबा बसतात, पेपर वाचून दाखवतात, कोणत्या जुन्या साहेबाचं काय झालं ते सांगतात. बावीस वर्षं काका इंजिनात आणि बाबा शेवटच्या डब्यात, मध्ये अर्धा किलोमीटर माल. मोनाली म्हणते, इतकं तर ते दोघं नोकरीतही बोलले नसतील. बाबा निघाले की काका चालता हात वर करतात, बाबा दारातून हात वर करतात, आणि मगच हलतात.

मी रात्री बाबांना विचारलं, मी नेत होते ना तुम्हाला, बंद काहून केलं? तर म्हणतात, "मालगाडीत प्रवासी चालत नाही. नीलकंठरावांनी लिहिलं आहे. माझ्या एका फेरीनं तुझी गाडी जाईल, पोरी."

मामा, हे तू लिहिलंस? एक म्हातारा माणूस बसला तर गाडी धंद्याची राहत नाही, असा कायदा आहे? आणि वर तू त्यांनाच खोटारडं म्हणालास. ते जेवतात, वही लिहितात आणि गप्प बसतात. आईंनी स्वतःहून मनी प्लांट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, यावरून काय ते समज.

असा कायदा असेल तर जाऊ दे गाडी, असं रात्री वाटलं. सकाळी उठून गच्चीवर गेले आणि वाटलं, नाही, जाऊ द्यायची नाही. मला शाळेत नाही जायचं. हे काम माझं आहे, मी उभं केलं आहे. मला गाडी पाहिजे, आणि गाडीत बाबाही पाहिजेत. दोन्ही कसं बसवायचं ते तू सांग. नाही बसलं तर निदान बाबांची माफी माग.

तुझी,
अनुश्री

•

नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

गार्डसाहेब, साष्टांग नमस्कार.

तुम्ही पत्रव्यवहार थांबवलात, पण टपालखात्याला ते कळवलेलं नाही, तेव्हा हे पत्र येणारच.

चूक माझी आहे, आणि दोन ठिकाणी आहे. पहिली, तुमच्यासारख्या माणसाच्या वहीवर मी शंका घेतली. ज्यानं शौचाची वेळ पुसली नाही तो खाजगी फेरी का लपवेल, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी तुमची माफी मागतो. हीसुद्धा मला बोलली, आणि ती मला सहसा इतकी बोलत नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. तुमचं मालगाडीचं वाक्य मी गंमत म्हणून वाचलं. तुम्ही ते नियम म्हणून लिहिलं होतं. तेव्हाच समजावायला हवं होतं, ते आता समजावतो.

कायद्यात मालगाडी आणि पॅसेंजर असा भेद नाही. एकच गाडी सकाळी कुंड्या नेऊ शकते आणि दुपारी तुम्हाला. वर्षभरात गाडी शंभर किलोमीटर चालली आणि त्यातले सत्तर धंद्यासाठी असतील, तर खर्चातला आणि घसाऱ्यातला सत्तर भाग मागायचा. तीस भाग सोडून द्यायचा. गाडी जप्त होत नाही, धंदा बुडत नाही. खाजगी रकाना आहे तो भरण्यासाठीच. मी सावध राहा म्हटलं ते घुसवण्याबद्दल, म्हणजे भजनाला जाहिरात लिहिण्याबद्दल. बसण्याबद्दल नाही.

खरं सांगू का, ज्या वहीत म्हातारी माणसं, भजन आणि क्रिकेट असतं, त्या वहीवर अधिकारी लवकर विश्वास ठेवतो. घर तसंच असतं हे त्यालाही माहीत आहे.

तेव्हा येत्या मंगळवारी गाडीतून जा. रकान्यात "खाजगी" लिहा, आणि खाली सही ठोका. तुळशीरामजींना माझाही नमस्कार सांगा.

आपला अपराधी,
नीलकंठ

•

चौबे कॉलोनी, रायपूर
१९ एप्रिल २०२५

नीलकंठराव, सप्रेम नमस्कार.

माफीनामा मिळाला, वहीत चिकटवला आहे. पत्नी म्हणते, माफी मागणाऱ्याले बर्फी द्यायले हरकत नाही. वेगळ्या पार्सलनं पाठवली.

उत्तराले दोन महिने लागले, कारण मार्चअखेर पूर्ण झाल्याशिवाय काय लिहायचं? पंधरा ऑगस्टले गाडी सुरू झाली, तिथपासून मार्चपर्यंत सहा हजार एकशे चाळीस किलोमीटर. धंद्याचे चार हजार सातशे नव्वद. मी दोनदा बेरीज केली, अनुश्रीनं मोबाईलवर केली. शंभरातले अठ्ठ्याहत्तर येतात. फेब्रुवारीपासून माझ्या सगळ्या फेऱ्या, आणि आधी रिकाम्या सोडलेल्याही, खाजगीत लिहिल्या आहेत. तुळशीराम व्हॅनचा हॉर्न ओळखतात. आम्ही पोचायच्या आत मोनाली दार उघडून ठेवते.

एकतीस मार्चले जेवण झाल्यावर मी वही अभिनवसमोर ठेवली. त्यानं शेवटचं पान पाहिलं. म्हणाला, "अठहत्तर. तो बाईस कौन खा गया?" मी म्हटलं, मागे पलट. त्यानं बेरजेचं पान पलटवलं. खाजगीत सगळ्यात जास्त किलोमीटर त्याचेच निघाले. माझे आणि त्याच्या आईचे मिळूनही त्याच्याएवढे नाहीत. मी म्हटलं, आता अट पाळायची तर आधी बॅट विकावी लागेल.

तिथं त्यानं वही बंद केली असती तर मी तुमाले एवढंच लिहिलं असतं. पण तो पहिल्या पानावर गेला आणि वाचत बसला. तुम्ही नको म्हटलेलं सगळं मी लिहीतच राहिलो होतो, सवय जात नाही. तर त्यानं ते वाचलं. पहाटे ०४:५० ले अनुश्री गच्चीवर. जिन्याच्या पायऱ्या चौतीस. एका गुरुवारी खाली-वर एकोणतीस चकरा. नोव्हेंबरात ताप असताना गेली, कारण कंत्राट नवीन होतं. एका ऑफिसनं पाम मेला म्हणून पैसे कापले, गाडीत बसून रडली, विलंब सहा मिनिटे, मग पुढच्या ऑफिसले गेली. हे मी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं. इन्कम टॅक्सवाला कधी वाचणार नाही, हे मलेही माहीत आहे.

अभिनव पहाटे उठतच नाही. त्याले वाटे, गुरुवारी ती कुठंतरी जाते आणि येते. त्यानं मले विचारलं, "बाबा, यह हर हफ्ते का है?" मी म्हटलं, हे गुरुवारचं आहे, बाकीच्या दिवसांचं पुढच्या पानांवर आहे. अनुश्री ओट्यापाशी उभी होती, तिनं मान वळवली नाही. तो तिले म्हणाला, "गाड़ी रहेगी." ती म्हणाली, "ती माझ्या नावावरच आहे." शाळेचा विषय मग कोणी काढला नाही. ती ओट्यावरून वाट्या पुसत राहिली, पण वाट्या मघाशीच पुसून झाल्या होत्या.

आता तुमाले एक प्रश्न आहे. परवा गुरुवारी अभिनवनं रजा टाकली. पहाटे उठला, उलटा शर्ट घातला आणि गच्चीवरून बावीस कुंड्या खाली आणल्या. मी फेरी धंद्याची लिहिली आणि त्याले मदतनीस, बिनपगारी असं दाखवलं आहे. ते बरोबर आहे का ते कळवा. त्यातल्या दोन कुंड्या त्यानं जिन्यात फोडल्या, एक पाम मोठा होता. मी नुकसानीची नोंद करायले पेन काढला. अनुश्री माती भरत होती, म्हणाली, "बाबा, नका लिहू."

नाही लिहिल्या.

आपला,
हरिदास